सत्तर-तीनशे आणि गुणवंतीमावशीची पंगत

मी बँकेतून निवृत्त झालो तेव्हा सहकाऱ्यांनी मला डिजिटल एसएलआर कॅमेरा भेट दिला, असं मी परळच्या आमच्या चाळीत तीन दिवस सांगत होतो. चौथ्या दिवशी, रविवारी, शेजाऱ्यांच्या साक्षीने खोका उघडला. आत काळाभोर, वजनदार, हातात धरल्याबरोबर माणसाला उगीच कर्तबगार वाटायला लावणारा कॅमेरा होता. त्याच्या पुढच्या बाजूला मात्र मोठं गोल भोक होतं आणि भोकावर प्लास्टिकचं झाकण. झाकण काढलं तर आत एक चिमुकला आरसा दिसला, आणि त्या आरशात माझ्या नाकाचा थोडा भाग.

"लेन्स कुठाय?" शेजारच्या उत्तम खानोलकरांनी विचारलं.

मी खोका उलटा केला. पट्टा पडला, चार्जर पडला, सात भाषांतलं माहितीपुस्तक पडलं. लेन्स पडली नाही. जमलेली मंडळी हळूहळू आपापल्या घरी गेली. कुणाच्या घरी बारशाला जावं आणि बाळ अजून झालेलंच नाही असं कळावं, तसे त्यांचे चेहरे होते.

मी आमच्या कर्मचारी कल्याण समितीचे खजिनदार अरगडे यांना फोन लावला.

"साहेब, वर्गणीत बॉडीच बसली," अरगडे शांतपणे म्हणाले. "आणि लेन्स ही वैयक्तिक आवडीची बाब. ती आम्ही कशी ठरवणार?"

सत्तावीस वर्षं मी त्या बँकेत कारकून होतो आणि अरगड्यांनी मला साहेब म्हणण्याची ती पहिलीच वेळ. त्यामुळे मी आभार मानून फोन ठेवला. शिवाय चूक माझीच होती. दोन वर्षांपूर्वी जेवणाच्या सुट्टीत कुणीतरी विचारलं, "रिटायर झाल्यावर काय करणार?" आणि माझ्या डब्यात त्या दिवशी नेमकं काही बोलण्याजोगं नसल्यामुळे मी म्हणालो, "फोटोग्राफी." माणसाने जेवताना बोलू नये हे आमच्या वडिलांनी मला लहानपणी सांगितलं होतं, ते मी फारच उशिरा मनावर घेतलं.

ही दोन हजार नऊ सालच्या नोव्हेंबरातली गोष्ट. कॅमेऱ्याला भोकच राहिलं असतं आणि तो कपाटावर चांदीच्या गणपतीशेजारी सुखाने बसला असता, तर मला काही दुःख नव्हतं. पण बातमी लालबागला पोचली आणि गुणवंतीमावशीने मला बोलावून घेतलं.

गुणवंतीमावशी म्हणजे आमची खानावळवाली. बँकेत लागण्याआधी मी गिरणीच्या टाइम ऑफिसात होतो. तेव्हा लालबागच्या तिच्या खोलीत आम्ही पंचवीस-तीस जण दोन वेळा जेवायचो. ब्याऐंशीचा संप झाला, गिरणी गेली, माणसं पांगली, काही वर गेली. जेवणारे बदलत बदलत आता टॅक्सीचे ड्रायव्हर आणि कुरियरची मुलं आली. पण आम्ही जुने सात जण उरलो होतो आणि महिन्यातून एका रविवारी अजून तिच्याकडे जेवायला जायचो. मावशी आता ऐंशीला टेकली होती. गुडघे गेले होते. महिनाअखेरीस खोली सोडून ती कुडाळला भाच्याकडे कायमची जाणार होती.

पन्नास वर्षं मुंबईत काढूनही मावशी मालवणीच बोलते. मी गेलो तेव्हा ती पाटावर बसून नारळ खोवत होती.

"रघू, तुझ्याकडे कॅमेरो इलो म्हणतत," ती म्हणाली. "माका माझी पंगत होयी. सगळी. एका फोटोत."

"काढू की, मावशी."

"धर्मा आणि विठोबा, दोघंय."

मी जरा जपून म्हणालो, "उत्तमराव सांगत होते, हल्ली दोघांचे वेगवेगळे फोटो काढून कॉम्प्युटरवर जोडता येतात."

मावशीने खोवणं थांबवलं. "चिकटवलेलो फोटो माका चलाचो नाय. तसो होयो असतो तर मी तुका कित्याक बोलावलं असतंय?"

धर्मा आणि विठोबा ही काय भानगड आहे ते सांगितलं पाहिजे. दोघंही साच्यावर, म्हणजे मागखात्यात, शेजारशेजारच्या मागांवर. राहायला एकाच खोलीत, एकाच कंदिलाची काच पुसणारे. संप सुरू झाला तेव्हा धर्मा मोर्च्यात सगळ्यात पुढे असायचा आणि विठोबा त्याच्या मागे. अकरा महिन्यांनी, एका सकाळी, विठोबा मागच्या दरवाज्याने कामावर गेला. धर्माने त्याला जाताना पाहिलं. तेव्हापासून दोघं बोलले नाहीत. खानावळ दोघांनीही सोडली नाही, पण मावशीने वेळा वाटून दिल्या. धर्मा बारा वाजता खिडकीखाली, विठोबा दीड वाजता दाराशी. सत्तावीस वर्षं हे वेळापत्रक चाललं. ज्या शहरात बस वेळेवर येत नाही तिथे मावशीने दोन माणसांची समोरासमोर गाठ पडू दिली नाही, याला मी व्यवस्थापन म्हणतो. आमच्या बँकेत हे कुणाला जमलं नसतं.

तर आता लेन्स घेणं आलं, आणि मुदतही आली. दोन्ही गोष्टी माझ्या आयुष्यात एकत्र येऊ नयेत अशी माझी फार इच्छा होती.

मी माहितीपुस्तक वाचायला घेतलं. लेन्सचे आकडे असतात. अठरा-पंचावन्न, पन्नास, पंचावन्न-दोनशे, सत्तर-तीनशे. मला ते सगळे रक्तदाबाचे वाटले. त्यातल्या त्यात अठरा-पंचावन्न पाहून त्या माणसाचं काही खरं नाही असं वाटलं, आणि सत्तर-तीनशे पाहून तर डॉक्टरांना फोन लावावासा वाटला. कुठला आकडा कशासाठी, हे पुस्तकात होतं, पण इंग्रजी पान वाचून कळेना म्हणून मी शेजारचं पान वाचलं, ते बहुधा पोर्तुगीज होतं.

पहिला सल्ला फ्रँकचा. फ्रँक परळच्या गावठाणातला, आमच्या सातांपैकी एक. गिरणीच्या वर्कशॉपात फिटर होता आणि रविवारी चर्चमधल्या लग्नांचे फोटो काढायचा. तो घरी आला तोच मखमली थैली घेऊन.

"पन्नासची फिक्स लेन्स," तो म्हणाला. "माझ्या डॅडीची. काच बघ, मॅन. हल्ली अशी काच बनत नाय."

"झूम नाही यात?"

"झूम कशाला? देवाने पाय कशाला दिलेत? मोठं पाहिजे तर पुढे जा, लहान पाहिजे तर मागे ये."

मला हे पटलं. आम्ही दोघांनी मिळून ती लेन्स कॅमेऱ्याला लावायला घेतली. ती बसेना. फ्रँकने डावीकडे फिरवली, मी उजवीकडे. मग त्याने थोडं खोबरेल मागितलं. माझी बायको बकुळा आतून म्हणाली, "अहो, दोन वेगळ्या कंपन्यांची झाकणं लागत नसतात, बरणीलासुद्धा." फ्रँकने लेन्स पुन्हा मखमलीत गुंडाळली. जाताना तो दुखावलेला दिसला. कॅमेऱ्याने त्याच्या वडिलांचा अपमान केला असं त्याला वाटलं असावं, आणि कॅमेरा माझा होता.

दुसरा सल्ला बकुळाचा. "ज्यात माणसं मावतील ती घ्या," ती म्हणाली. "आणि दुकानात मावशीच्या खोलीएवढ्या जागेत लावून बघा. दहा बाय बाराची खोली आहे ती."

हा सल्ला मी ऐकला नाही. नवऱ्याला बायकोचे काही सल्ले न ऐकता सोडावे लागतात, नाहीतर तो कसला संसार, असं मला त्या काळी वाटायचं. हल्ली वाटत नाही.

मी एकटाच फोर्टात एका कॅमेऱ्याच्या दुकानात गेलो. काउंटरमागचा माणूस सज्जन होता. त्याने माझा कॅमेरा पाहिला, भोक पाहिलं, आणि म्हणाला की या बॉडीवर सध्या योजना आहे. पंधरा तारखेपर्यंत बॉडीचं मूळ बिल दाखवलं तर अठरा-पंचावन्नची लेन्स जवळजवळ अर्ध्या किमतीत मिळेल. घरातले, खोलीतले फोटो काढायला हीच बरी. त्या दिवशी तारीख होती सहा. म्हणजे माझी गोष्ट त्या दुपारीच संपायला हरकत नव्हती.

पण मूळ बिल कल्याण समितीच्या नावावर होतं आणि समितीच्या फाइलला लावलेलं होतं.

"बिल देता येत नाही, साहेब," अरगडे म्हणाले. "ऑडिट आहे. तुम्ही अर्ज करा. समिती ठराव करील. मग बिल तुम्हाला चोवीस तासांसाठी मिळेल."

मी दोन प्रतींत अर्ज केला. ज्या टेबलावर मी स्वतः सत्तावीस वर्षं लोकांना "उद्या या" म्हटलं, त्या टेबलापुढे उभा राहून केला. टेबलामागच्या मुलीने मला उद्या यायला सांगितलं. मी उद्या गेलो. समितीचे पाच सदस्य, त्यातले तिघे हजर असावे लागतात. एक शिर्डीला गेला होता, एकाच्या मुलीचा साखरपुडा होता. तिसरे अध्यक्ष, ते हजर होते पण अध्यक्ष गणसंख्येत धरायचे की नाही यावर गेली चार वर्षं मतभेद होते. अखेर बारा तारखेला ठराव झाला. टाइप करणाऱ्याने "लेन्सकरिता" असं न लिहिता "लोनकरिता" असं लिहिलं. बँकच ती. कागद थेट कर्ज विभागाकडे गेला.

तेरा तारखेला कर्ज विभागातून मला फोन आला. दोन जामीनदार आणि वयाचा दाखला घेऊन या. मी म्हटलं, मला कर्ज नको आहे. पलीकडचा माणूस म्हणाला, नको असेल तर तसा अर्ज करावा लागेल. मी तोही केला. सतरा तारखेला बिल माझ्या हातात आलं. फोर्टातल्या सज्जन माणसाने ते दोन्ही बाजूंनी नीट पाहिलं आणि फार वाईट वाटून म्हणाला की योजना परवाच संपली, आणि शेवटची अठरा-पंचावन्नही गेली. नवा माल डिसेंबरात.

मावशी एकोणतीस तारखेला जाणार होती.

इथे खानोलकर पुढे आले. उत्तम खानोलकर म्हणजे आमच्या चाळीचे सेक्रेटरी. गोदीत नोकरी करायचे. त्यांचा जीवनाविषयीचा एक सिद्धान्त आहे की ज्या वस्तूवर मोठा आकडा लिहिलेला असेल ती वस्तू चांगली. घरात त्यांच्याकडे पंचाहत्तर लिटरचा कूलर आहे, खोली एकशेवीस चौरस फुटांची.

"म्हापसेकर, तुम्ही एकटे जाता ही तुमची चूक," ते म्हणाले. "दुकानदार माणूस बघून माल दाखवतो."

या वाक्यातला अपमान मला दोन दिवसांनी कळला. तेव्हा मी त्यांच्याबरोबर दुसऱ्या दुकानात गेलो. तिथे एक तरुण होता. त्याने काचेच्या कपाटातून हातभर लांब लेन्स काढली. सत्तर-तीनशे.

"अंकल, इसमें सब आता है," तो म्हणाला.

सब आता है. मला हेच हवं होतं. मी सोडून सहाही जण, मावशी, जमलं तर मागचं कॅलेंडर. खानोलकर म्हणाले, "बाहेर लावून बघू." आम्ही फुटपाथवर गेलो. कॅमेरा डोळ्याला लावला आणि मी अक्षरशः दचकलो. दूरच्या इमारतीवरच्या घड्याळाचे काटे माझ्या नाकाशी आले होते. घड्याळावर कबुतर बसलं होतं, त्याचा लाल डोळा दिसला. खानोलकरांनी पाहिलं आणि कॅमेरा डोळ्यावरून बराच वेळ काढलाच नाही. मग म्हणाले, "घ्या." मी घेतली. जे कबुतराचा डोळा दाखवतं ते माणसं दाखवणार नाही का, इतका साधा विचार होता. फुटपाथवरून दुकानात, चार पावलं आत, ती एकदा लावून बघावी हे आम्हा दोघांनाही सुचलं नाही.

लेन्स आली, आता माणसं. मी आधी हिंदमात्याला गेलो. तिथे एका साडीच्या दुकानात धर्मा गेली वीस वर्षं साड्या उलगडून दाखवतो आणि परत घडी घालतो. ज्याने आयुष्याचा पहिला भाग कापड विणण्यात घालवला तो दुसरा भाग ते घडी करण्यात घालवतोय. उंच माणूस, आता पाठीत वाकलेला.

"तो येणारे?" धर्माने साडीवरून नजर न उचलता विचारलं.

"मावशीने बोलवलंय त्याला."

"मग मी नाय." त्याने अर्धी घडी घातली. मग म्हणाला, "मावशी खरंच चालली?"

"एकोणतीसला."

"मी डावीकडच्या टोकाला उभा राहीन. त्याला दुसऱ्या टोकाला ठेव."

मग ठाकूरद्वारला. तिथल्या एका वाडीत विठोबा लेकीकडे राहतो. लेक शाळेत शिक्षिका आहे. ब्याऐंशी साली ती चार वर्षांची होती आणि तिच्या हृदयाचं ऑपरेशन होतं. विठोबा कामावर गेला तो तिच्यासाठी, हे आम्हा सगळ्यांना पुढे कळलं. पण तोपर्यंत धर्माला काही सांगायला जाण्याची कुणाची हिंमत नव्हती.

"त्याला चालणारे काय?" विठोबाने विचारलं.

"टोकाला उभा राहा म्हणतोय."

"बरं," विठोबा म्हणाला. "मी टोकालाच असतो."

रविवारी सकाळी अकरा वाजता आम्ही लालबागला जमलो. मावशीने नवं लुगडं नेसलं होतं. खोलीत पाट मांडले, केळीची पानं मांडली. आमच्या सातांपैकी मी सोडून सगळे आले होते: धर्मा, राजाराम, सावंत बंधू दोघे, फ्रँक आणि दाराशी विठोबा. मी भिंतीला पाठ लावून कॅमेरा डोळ्याला लावला.

मला एक मिशी दिसली.

बारकाईने पाहिल्यावर ती राजारामची आहे असं कळलं. कॅमेरा थोडा हलवला तर सावंतांपैकी थोरल्याच्या सदऱ्याचं दुसरं बटण दिसलं, स्पष्ट, दोऱ्यासकट. आणखी हलवला तर लोणच्याची फोड. पंगत कुठेच नव्हती. मी आकडा सत्तरवर आणला. सत्तरच्या खाली काही नव्हतंच. म्हणजे सगळ्यात कमी तेच.

"काय झालं?" फ्रँकने विचारलं. मी त्याला कॅमेरा दिला. त्याने पाहिलं, परत माझ्या हातात दिला आणि म्हणाला, "मॅन, ही चंद्र बघायची लेन्स आहे."

बकुळा माझ्याबरोबर आली होती.  तिने फक्त खोलीची एक भिंत पाहिली, मग समोरची दुसरी पाहिली. एकतीस वर्षांच्या संसारात मला ती इतकी शांत फारच कमी वेळा भेटली आहे.

मी दाराबाहेर गेलो. गॅलरीतून पाहिलं तर कॅमेऱ्यात दोनच माणसं आली. मग मी खाली चौकात उतरलो आणि सगळ्यांना गॅलरीत उभं केलं. खालून फक्त हनुवट्या आणि कठड्याखालची फळी. पुन्हा दोन मजले वर. माझं वय अठ्ठावन्न, आणि त्या चाळीचा जिना अशा माणसाने बांधलेला की ज्याला पाहुणे आवडत नसावेत. शेवटी बकुळाच म्हणाली, "समोरच्या गॅलरीत जा."

चाळ इंग्रजी यू अक्षरासारखी, मध्ये चौक. मी वळसा घालून समोरच्या गॅलरीत पोचलो. बरोबर समोरची खोली बंद होती. तिच्या दाराला मी पाठ टेकली, कुलूप कमरेत रुतलं आणि मी कॅमेरा लावला. आता माणसं दिसली. मध्ये मावशी, तिच्या दोन्ही बाजूंना मंडळी. डावीकडे धर्माचा अर्धा खांदा, उजवीकडे विठोबाचा एक कान. टोकाची दोघंही बाहेर.

"जवळ या," मी चौकापलीकडे ओरडलो.

ते सरकले. धर्माचा सबंध खांदा आला, विठोबाचा कान गेला.

"अजून जवळ."

"किती?" राजाराम ओरडला. "सावंताने सोडलेला श्वास मी घेतोय."

मला मागे सरकायला जागा नव्हती, माझ्यामागे कुलूप होतं. आतापर्यंत दोन्ही बाजूंच्या गॅलऱ्या भरल्या होत्या आणि प्रत्येक मजल्यावरून सल्ला येत होता. कुणी म्हणालं दोघांना खाली बसवा. बसवलं तर ते कठड्यामागे गायब झाले. कुणी म्हणालं मोबाइलने काढा. एकाने काढलाही. त्यात सात काळे ठिपके आले, त्यातला एक बहुधा कुंडी होती. मी घामाने भिजलो होतो. कारकून म्हणून माझी कधी कुणी वाहवा केली नाही, पण एवढ्या लोकांसमोर मला कुणी नालायकही ठरवलं नव्हतं.

"मावशी, जमत नाही," मी शेवटी म्हणालो. "दोघं बाहेर राहतात."

मावशीने एक क्षण विचार केला. मग ती रांगेतून बाहेर पडली.

"मी कित्याक होयी? फोटो माका बघूचो आसा. मी कशी दिसतंय ता माका ठाऊक आसा." मग तिने धर्माकडे पाहिलं. "धर्मा, तू उंच. विठोबाच्या मागे रव."

चाळ एकदम शांत झाली. वरच्या मजल्यावरच्यांना काही ठाऊक नव्हतं, पण खालच्या शांततेमुळे तेही गप्प झाले. गॅलरी तीन फुटांची. दोन रांगा करायच्या तर मागच्याने पुढच्याला चिकटूनच उभं राहावं लागतं. धर्मा हलला नाही. मावशी कमरेवर हात ठेवून उभी होती. सत्तावीस वर्षं तिने त्यांना बारा आणि दीड अशा वेळा दिल्या होत्या. आता तिच्याकडे एकच वेळ उरली होती.

धर्मा चालत उजव्या टोकाला गेला आणि विठोबाच्या मागे उभा राहिला.

मी कॅमेरा डोळ्याला लावला होता म्हणून मला ते सगळं अगदी जवळून दिसलं. ती लेन्स जेवढी बेकार होती तेवढीच त्या वेळी कामाची ठरली, कारण चौकापलीकडचे दोन चेहरे वीतभर अंतरावर आले. विठोबा समोर पाहत होता, डोळे न मिटता. धर्माला हात कुठे ठेवावे कळेना. बाजूला सोडले तर राजारामला लागत होते. मागे भिंत होती. त्याने एक हात वर केला, परत खाली घेतला आणि मग दोन्ही हात विठोबाच्या खांद्यांवर ठेवले. विठोबाचे ओठ हलले. धर्माचेही हलले. ऐकू काही आलं नाही. काय बोलले ते फ्रँकने मला नंतर सांगितलं.

विठोबा म्हणाला, "वजन टाकू नको. गुडघा दुखतो."

धर्मा म्हणाला, "कठड्याला धर मग."

"हलतो कठडा."

"मग मी धरतो."

मी बटण दाबलं. छोट्या पडद्यावर पाहिलं तर मध्ये वाळत घातलेल्या एका बनियनचा चिमटा इतका सुरेख आला होता की त्याच्या स्प्रिंगचे वेढे मोजता यावेत. मागे सहा धुरकट भुतं. मी काकुळतीला येऊन म्हणालो, "परत. हलू नका कुणी."

कुणी हललं नाही. चिमटा असलेली दोरी एका बाईने ओढून घेतली. मी दुसऱ्यांदा दाबलं, तेव्हा सावंत धाकटा शिंकला. तिसऱ्यांदा माझं बोट आडवं आलं. मी एकूण अकरा फोटो काढले आणि त्या सगळ्या वेळात धर्माने विठोबाच्या खांद्यावरचे हात काढले नाहीत. अकरावा बरा आला. सगळे ओळखू येतात. मी "झालं" म्हणून ओरडलो, तरी ती दोघं थोडा वेळ तशीच उभी होती. कुणीतरी त्यांना निघायला सांगायला हवं होतं आणि ते माझं काम नव्हतं.

मी वळसा घालून, जिने उतरून, जिने चढून परत आलो तेव्हा माझे पाय माझे राहिले नव्हते. खोलीतून आरडाओरडा ऐकू येत होता. मला वाटलं, आता काय झालं.

धर्मा आणि विठोबा शेजारशेजारच्या पानांवर बसून भांडत होते. विषय एका धोट्याचा होता. मागावर सूत इकडून तिकडे नेणारा लाकडी धोटा असतो, तो. एक्याऐंशी साली धर्माचा चांगला, गुळगुळीत झालेला धोटा विठोबाने उसना घेतला आणि परत केला नाही, असं धर्माचं म्हणणं. केला, तुझ्या पेटीवर ठेवला होता, असं विठोबाचं. मागखात्यातल्या लोकांना हळू बोलणं जन्मात जमत नाही, त्यांचे कान मागांच्या आवाजाने कधीच गेलेले असतात. दोघंही चौकात ऐकू जाईल इतक्या जोरात धोट्याविषयी बोलत होते. बोलता बोलता धर्मा एकदम म्हणाला, "पोरीचं मला सांगायचं होतंस."

विठोबा भात कालवत होता, तो थांबला. "तीन वेळा आलो. तीनही वेळा तू मोर्च्यात."

"चौथ्यांदा यायचं."

"चौथ्यांदा तिला ऑपरेशनला आत घेतलं होतं."

 सावंत बंधू पानाकडे पाहत राहिले. धर्माने पाण्याचा तांब्या उचलला, आधी विठोबाचं भांडं भरलं, मग आपलं. मग तो म्हणाला, "पण धोटा तू दिला नाहीस." आणि पुन्हा सुरू झालं.

मी मावशीकडे पाहिलं. "मावशी, थांबवू का यांना?"

"भांडांदे त्यांका," मावशी म्हणाली. ती विठोबाच्या पानात सुरमईची तुकडी वाढत होती आणि दुसरी धर्माच्या. "तू बस. जेवण निवतला."

फ्रँक माझ्या कानाशी लागला. "मॅन, हा काढ. हाच खरा फोटो."

मी कॅमेरा उचलून डोळ्याला लावला. बसल्या जागेवरून लेन्समध्ये फक्त धर्माचा कान येत होता. फार चांगला येत होता. मी तो काही काढला नाही. कॅमेरा बकुळाच्या हातात दिला, पानासमोर बसलो आणि भातावर आमटी घ्यायला खळगा केला.